अँब्युलन्स येईपर्यंत

एडिनबरापासून तीन तासांवरच्या त्या टीचभर खेड्यात, पोळ्या लाटता लाटता वरदाची आई जी धाडकन कोसळली, ती उठेचना! वरदाने नाइन नाइन नाइन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. रस्त्यावर बर्फ साचलेला, अँब्युलन्सला पन्नास मिनिटं लागणार होती.

"अगं, कांदा हुंगायला दे तिला!" आजी अर्धा कांदा घेऊन धावली.

"आजी, प्लीज! मला श्वास मोजायचेत तिचे!"

वरदाने मोजले, पुन्हा मोजले. "श्वास मंदावत चाललाय!" ती फोनवर किंचाळली. "पन्नास मिनिटं नाही थांबू शकत आम्ही!"

"घाबरू नकोस गं," पलीकडची बाई म्हणाली. "तुमच्या गावातच एक डॉक्टर राहतात. अँब्युलन्स लांब असली की आम्ही त्यांनाच बोलावतो, पाच मिनिटांत पोचतात त्या. थांब, लावतेच त्यांना फोन."

आजीला त्या सगळ्या इंग्लिशमधलं 'डॉक्टर' तेवढं कळलं. तिने कांदा खाली ठेवून देवाला हात जोडले.



आणि जमिनीवर निपचित पडलेल्या आईच्या एप्रनच्या खिशात फोन वाजायला लागला.