भिंतीवरचे दोन ठोके

"हे मधेच धप्‌ धप्‌ काय आहे?" रेकॉर्डिस्टने गाणं थांबवलं. "पहिलं कडवं संपलं की दोन ठोके. भिंतीवर कुणी मुठी आपटल्यासारखे. काढून टाकू?"

बँडमधली दोघं एकमेकांकडे बघत राहिली. गिटार वाजवणारी चिमणी आणि ड्रम वाजवणारा ढोल्या. गाणारा तिसरा चार महिन्यांपूर्वी गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं त्याचं हे एकुलतं एक गाणं आता एका सिनेमाच्या शेवटी वाजणार होतं. परवानगीच्या कागदावर वडिलांची सही हवी होती, म्हणून वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते बस चालवायचे. पहाटेची पाळी संपवून खाकी कपड्यांतच आले होते. मुलाचं गाणं त्यांनी आज पहिल्यांदा धड ऐकलं.

"काढा," वडील म्हणाले. "आधी ते काढा. मगच सही करतो."

"काका, नको ना," चिमणी म्हणाली.

"नको काय, पोरी? तो मी आहे!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसलाही. "पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी घरी येऊन पाठ टेकतो, तर पलीकडच्या खोलीत तुमचा धिंगाणा. रोजचंच. हात दुखेल इतक्या जोरात भिंत बडवायचो मी. म्हणायचो, बंद कर, पोटापाण्याचं बघ जरा. आता तो थिएटरात गाणार आणि लोकांना काय ऐकू येणार? बाप त्याला गप्प बसवतोय, हे?"

माणूस गेल्यावर सुचलेलं शहाणपण कुणाच्या कामाचं? वडील रुमालाने पुन्हा पुन्हा तोंड पुसत होते. नुसता घाम नव्हता तो.

रेकॉर्डिस्ट बिचारा भला माणूस. "दोन मिनिटांचं काम आहे, काका. कुणाला कळणारही नाही," असं म्हणून त्याने माउसवर हात ठेवला.

तेव्हा ढोल्या बोलला. एरवी त्याच्या हातातल्या काठ्याच काय त्या बोलायच्या.

"थांबा! काका, त्या दिवशी हे गाणं आम्ही सहा वेळा रेकॉर्ड केलं होतं. तुम्ही घरी यायच्या आधी. सहाही वेळा झकास झालं. मी म्हटलं, पुरे झालं रे, आवरू या आता. तर म्हणाला, थांब, बाबा येऊ देत."

"मी कशाला?"

"तुमचे दोन ठोके पडले की तो दुसरं कडवं उचलायचा. रोज. त्याशिवाय गाणं पुरं झालं असं त्याला वाटायचंच नाही. हे सातव्या वेळचं आहे."

वडिलांना ते खरं वाटेना. ते नुसतेच मान हलवत राहिले. मग चिमणीने पिशवीतून मुलाची वही काढली, एक पान उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. कोंबडीच्या पायांसारखं तेच अक्षर. त्यापायी लहानपणी त्याने किती मार खाल्ला होता! वर गाण्याची तारीख होती आणि खाली कोण काय वाजवतं त्याची यादी. वडील बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. रेकॉर्डिस्टने माउसवरचा हात काढून घेतला.

गिटार: चिमणी.

ड्रम: ढोल्या.

आवाज: मी.

भिंत: बाबा.