डावं पायडल

उतारावर डावं पायडल पुन्हा गळून पडलं आणि ती सायकलसकट गटारात गेली. मागच्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. वर ओरडा खाल्ला तो वेगळाच.

नवी कोरी सायकल. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून निघाला नव्हता. एका हातात पायडल धरून ती लंगडत घरी आली. घरापुढच्या अंगणातच दादाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दादा स्टुलावर बसून काडीनं दात कोरत होता. त्यानं तिच्या गुडघ्याचं रक्त पाहिलं, काडी नाकाशी नेऊन हुंगली आणि फेकून दिली.

"पडलीस? तरी सांगत होतो, नवी सायकल नीट तपासल्याशिवाय बाहेर काढू नये."

"काल तूच तपासलीस ना, दादा?"

"कंपनीचा मालच भिकार, त्याला मी काय करू? जाऊ दे गं ती नोकरी. घरात काय कमी आहे तुला?"

घरात काय कमी होतं! आईचं अर्धं अंग लुळं पडल्यापासून आईचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, कूस बदलणं सगळं तिच्याच गळ्यात होतं. वहिनी नाक दाबून दारातूनच "बऱ्या आहात ना?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत पसार व्हायची. दादा आईच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. त्याला म्हणे उलटी येते. आईच्या उशाशी बसून तिनं अभ्यास केला होता आणि रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी मिळवली होती. लॅब गावाबाहेर, तिकडे सकाळची बस नाही. म्हणून सायकल. आज लॅबच्या बाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "उद्या वेळेवर आलीस तर ये. नाहीतर आम्ही दुसरी बघतो."

संध्याकाळी दादानं पुन्हा तपासणीचा तमाशा मांडला. गिऱ्हाईक आणि शेजारी बघायला होतेच. त्यानं टायर अंगठ्यानं दाबले. ब्रेक आवळले. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवून पाहिलं. घंटी वाजवून एका शेजाऱ्याला डोळा मारला, "नव्या नवरीसारखी आहे, जरा हात फिरवल्याशिवाय वळणावर येत नाही." सगळे फिदीफिदी हसले. कसला घाणेरडा माणूस हा, आणि हा आपला सख्खा भाऊ!

शेवटी डावं पायडल. त्यानं ते बोटांनी बसवलं, पाना लावला आणि दात-ओठ खात उजवीकडे एक हिसका दिला. वर कपाळावरचा घामही पुसला. मग पाना घराच्या दाराशी टाकला आणि ग्रीसचे हात तिच्या धुतलेल्या टॉवेलाला पुसले.

"जा आता. हत्ती बसला तरी हलणार नाही. उद्या पडलीस तर मात्र नोकरीचं नाव काढायचं नाही, सगळ्यांसमोर सांगतोय."

ती मान खाली घालून आत आली. त्याची किळस येत होती आणि त्याच्याच उपकारात राहावं लागतंय याची जास्त येत होती. आईच्या खाटेखालचं भांडं ओढायला ती वाकली. खाट खिडकीला लागून होती. खिडकीतून सगळं अंगण दिसायचं.

"भांडं राहू दे," आई म्हणाली.

"का गं? झालं नाही?"

आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर दादा दुकानाचं शटर ओढत शीळ घालत होता.

"तू पाना कधी हातात धरला नाहीस. तुझ्या बापानं मुलींना धरू दिला नाही. पण तुझ्या दादाला धरायला शिकवला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, बाई. ते डावीकडे फिरवून आवळतात."

ती सरळ उभी राहिली.

"उजवीकडे फिरवलं तर?"

"सुटतं."

"म्हणजे दादा रोज... चारचौघांत... आणि तो ट्रक, आई! मी मेले असते!"

"हो."

"तू इथून रोज बघत होतीस?"

आईनं तोंड फिरवलं नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. लेकीनंही पुसलं नाही. इतकी वर्षं या खाटेपाशी तिला कधी किळस आली नव्हती. आत्ता आली.

"बघत होते. तू गेलीस तर माझं कोण करणार, म्हणून गप्प बसले," आई म्हणाली. "आज तुझा गुडघा पाहिला आणि माझीच मला किळस आली. चादर ओली झाली तर होऊ दे. पाना दाराशी आहे. तू आधी ते पायडल आवळून ये."