तुलनेसाठी माझा गाल

ट्रेमध्ये गाल भरायच्या चार सिरिंज होत्या: दोन घट्ट फिलरच्या, हाडालगत खोल द्यायला, दोन पातळ फिलरच्या, वरचा भाग सारखा करायला. निशातगंजच्या त्या क्लिनिकमध्ये मी रेल्वे वर्कशॉपमधल्या बाबांचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसले होते.

“मैडम, गाल है, रेल का पहिया नहीं!” डॉक्टर हसले.

आजारपणात बसलेले गाल घेऊन स्वप्नाताई लग्नाला उभी राहायला तयार नव्हती. मी आधी तिचा गाल मोजला, तुलनेसाठी माझाही.

चौथी सिरिंज रिकामी झाली. मी पुन्हा मोजलं.

“ताई, भरले गं! तीन पूर्णांक दोन मिलिमीटर वाढ!” मी ओरडलेच.

ताई आरशात पाहून हसली. मग माझ्याकडे वळली आणि तिचं हसू थांबलं.

“यार, तू सकाळी खाल्लं होतंस ना?”

मी कॅलिपर माझ्या गालाला लावला. आधीपेक्षा तीन पूर्णांक दोन मिलिमीटर कमी.