दुसरा गाल

भुईगावात सिप्रियन मास्तरांचा खून झाला. तूर्तास तो झालेला नाही असं धरून चालू. मास्तर अंगणात चहा पीत आहेत आणि समोर कौस्तुभ हात चोळत बसला आहे.

हात ठणकतच होता. धर्मशिक्षणाने माणूस खरंच शांत होतो का, हा त्याच्या एम.फिल.चा विषय. पुस्तकातलं नको, अनुभवाचं आण, असं त्याच्या मार्गदर्शक जयवंती मॅडमनी बजावलं होतं. म्हणून तो गावात फिरून लोकांच्या मुस्कटात मारत होता आणि पुढे काय होतं ते पाहत होता.

मास्तरांच्या चर्चमधल्या रविवारच्या वर्गात शिकलेल्या गॅब्रिएलचा ओठ फुटला. त्याने दुसरा गाल पुढे केला. बॅप्टिस्टची कवळी केळीच्या बागेत उडाली. त्याने ती शोधली, धुतली, खिशात घातली आणि मग दुसरा गाल दिला. मास्तरांचा ऊर भरून आला.

पण धर्मशिक्षण न घेतलेल्यांचा गटही हवा होता. तो नसेल तर प्रबंध परत, वर्ष वाया, असं मॅडमनी एसटीडी बूथवरच्या फोनवर सुनावलं होतं.

त्यासाठी त्याने शेतात नथूला गाठलं. थोबाडीत बसताच नथूने कोयता उचलला. कौस्तुभने डोळे मिटले. नथूने त्या कोयत्याने शहाळं फोडलं.

"उन्हाने होतं असं. पानी प्या."

चौकशी केली तर नथू लहानपणापासून भजनात बसणारा. बाद. मग हरेशला हाणलं. तो आडवा झाला, एक दात थुंकला आणि म्हणाला की शाळेत असताना आपली अख्खी गीता पाठ होती. तोही बाद.

"अख्ख्या वसईत कोरा माणूस सापडेना, मास्तर." कौस्तुभ रडकुंडीला आला होता. "माझं वर्ष जाणार."

मास्तरांना दया आली. "तुमच्या घरी काय शिकवलं?"

"काही नाही. बाबा कट्टर नास्तिक. शुभंकरोतीसुद्धा नाही."

मास्तरांनी चष्मा काढून ठेवला, बाही वर सारली.

"मग बाहेर कशाला शोधता, बाबा?"

प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक. महोदय, माझ्या संशोधनातील धर्मशिक्षण न घेतलेला गट सध्या आपल्या कोठडीत आहे. निष्कर्ष अपेक्षेपेक्षा स्पष्ट आला आहे. तरी मंगळवारच्या तोंडी परीक्षेसाठी सदर गटास एक दिवस मोकळे सोडण्यात यावे, ही नम्र विनंती. आपला, कौस्तुभ.