रिकामी रायफल

जुन्या लष्करी रायफलीचे सुटे भाग अरबी मालकानं मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या भिंतीवर शोभेला टांगायला मागवले होते, आणि जोडणीचं काम इलियासकडे आलं होतं. शुक्रवारी दुपारी वर्कशॉपमध्ये एकट्यानं बसून त्यानं शेवटचा स्क्रू पिळला. फोनच्या स्पीकरवर रत्नागिरीहून त्याची बायको ताहेरुन्निसा नेहमीसारखी तावातावानं बोलत होती, "मला कतारला कधी नेणार, ते आज सांगाच."

त्यानं रायफलीचा बोल्ट मागेपुढे करून घोडा चढवला आणि चाप ओढला. इथं काहीच वाजलं नाही. फोनमध्ये मात्र खट्ट आवाज झाला.

"अहो, दाराशी काहीतरी वाजलं," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा चाप ओढला.

"आता स्वयंपाकघरात वाजलं. घरात मी एकटीच आहे हो."

लग्न झाल्यापासून तिचा आवाज इतका खाली कधी आला नव्हता. इलियासला ते आवडलं. त्यानं तिसऱ्यांदा चाप ओढला.

फोनमध्ये पुन्हा खट्ट वाजलं, या वेळी अगदी तिच्याजवळ.

"माझ्या मानेला मागून काहीतरी थंड टेकलंय," ती कुजबुजली. "लोखंडासारखं. मी वळून बघू?"

"वळू नकोस," इलियास शांतपणे म्हणाला आणि त्यानं बोल्ट मागे ओढला.