मधला आवाज

"भावजी, तुम्हीच गायचंय. यांनी बजावून ठेवलंय," साधनावहिनी म्हणाल्या.

ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर, त्यांच्या नवऱ्याची, रवींद्र सोनवणेची शवपेटी ठेवली होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली माणसं पद्मनाभकडे बघू लागली. नाही म्हणायची सोय उरली नाही.

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये रवींद्र, पद्मनाभ आणि आणखी दोघांना चांडाळचौकडी म्हणत. अमेरिकेच्या दक्षिणेकडची जुनी गॉस्पेल गाणी, म्हणजे ख्रिस्ती भजनं, चार पुरुषांनी चार सुरांत गायची, हे वेड रवींद्रने लावलेलं. पद्मनाभच्या घरी गणपती बसायचा, पण त्या गाण्यांसाठी तो रोज वीस मिनिटं आधी बसस्टॉपवर हजर. तीस वर्षं हे चाललं. मग खर्जातला गेला, वरच्या पट्टीतला गेला. आता चाल गाणारा रवींद्रही गेला.

उरला तो बॅरिटोन, म्हणजे मधला आवाज. असला तर कुणाला कळत नाही, नसला तर गाणं उघडं पडतं. चाल त्याच्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

आज चालच गायची, असं ठरवून तो पेटीजवळ उभा राहिला. दोन शब्दांतच गळा जुन्या वाटेला लागला. एकाच सुराभोवती घुटमळणारं ते गाणं कुणाला ओळखू येईना. मागे कुणी मोबाइल काढला. पद्मनाभला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्राला आज एक अख्खं गाणं द्यायचं होतं, आणि त्याच्याकडे होता फक्त चौथा हिस्सा.

तरी तो रेटून गात राहिला. कडवं संपत आलं तसा एकदम थांबला. ओठ मिटले, डोळे रवींद्रच्या चेहऱ्यावर. चपलेच्या टोकाने धरलेला ताल मात्र चालू होता.

पहिल्या रांगेतल्या नातीने वहिनींचा हात ओढला. "अंकल फरगेट ऑलरेडी, इज इट?"

"नाही गं," वहिनी हळूच म्हणाल्या. "ही ओळ आजोबा एकटेच गातात. ती होऊ दे."