सुती की पॉलिस्टर?

देवासच्या दुकानात चारुलता दोन रिळं हातात घेऊन गोंधळून उभी होती. लेकासाठी, विहंगसाठी ती त्याच्या वारलेल्या बाबांच्या शर्टांची गोधडी मशीनवर शिवत होती, पण दोरा सारखा तुटत होता. “भाभी, पॉलिस्टर ले जाओ, कभी नहीं टूटेगा,” दुकानदार म्हणाला. “कपडा कौनसा है?” तिची नजर शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे, शार्दूलकडे गेली. दुसऱ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शर्टांचं त्याला तिने सांगितलंच नव्हतं. “पुराना... मतलब, घर का है,” ती अडखळली. शार्दूलने तिच्या हातातलं पॉलिस्टरचं रीळ परत ठेवलं. “सुतीच घे, चारू. पक्का दोरा विरलेलं कापड कापतो. दोरा तुटला तर पुन्हा ओवता येईल. शर्ट फाटले तर विहंगला दुसरे कुठून आणायचे?” याला ठाऊक होतं? “रंग तूच सांग,” ती त्याला म्हणाली.